दुबईचं हॉटेल

दुबईहून आलेल्या माणसाला झोप येत नाही, ही काही नेर गावात चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. लोक हसले असते. ज्याने दहा-अकरा वर्षं मोठ्या हॉटेलात एसीच्या गार हवेत काढली, त्याला कसलं आलंय दुःख? मे महिन्यात पत्र्याखाली घामाने निथळत झोपणाऱ्यांनी त्याची कीव करायची, की त्याने त्यांची? म्हणून प्रियंका गप्प बसायची. गप्प बसायची तिला इतकी सवय झाली होती, की हल्ली ती स्वतःशीही खरं बोलत नसे.

खरं म्हणजे तिचा नवरा राजदीप दुबईच्या हॉटेलात कधी नव्हताच. मुंबईच्या एजंटने हॉटेलचे फोटो दाखवले, दुबईपर्यंत नेलंही. तिथे एका खोलीत माणसं कोंबून ठेवली आणि एके दिवशी सगळ्यांना विमानात बसवून अफगाणिस्तानात उतरवलं. परक्या फौजेची छावणी, तिथला मोठा भटारखाना आणि हजारो सैनिकांचं रोजचं जेवण. राजदीप ना सैनिक, ना पाहुणा; तो ठेकेदाराचा माणूस. छावणीवर बाहेरून रॉकेटं पडत, तेव्हा ती माणूस कोणाचा हे विचारून पडत नसत.

पहिल्या फोनवर तो म्हणाला होता, "कोणालेच सांगू नको. बाबाचं हृदय तसं, अन् माय तर जेवणंच सोडंल." प्रियंका 'बरं' म्हणाली. तेव्हा तिला वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. पण खोटं एकदा घरात राहायला आलं की त्याला जेवायला घालावं लागतं. सुट्टीवर येताना राजदीप दुबईच्या विमानतळावरून अत्तर आणि चॉकलेटं आणायचा, आणि त्याची आई रुखमाबाई ती अख्ख्या वस्तीत वाटत फिरायची. "माह्या पोराच्या हाटेलात राजेमहाराजे उतरतात," असं ती सांगायची. फोनवर मागे धडाधड आवाज आले की राजदीप म्हणायचा, "लगन आहे इकडे, फटाके फोडून राह्यले." रोज रोज इतकी लग्नं कोणाची होतात, हे प्रियंकाने कधी विचारलं नाही.

याच काळात राजदीपचे वडील उकंडाजी वारले. राजदीप येऊ शकला नाही. "हाटेलवाले सुट्टी देत नाही म्हणतात," एवढंच प्रियंकाने सासूला सांगितलं. त्या दिवसापासून रुखमाबाईचं राजेमहाराजांचं कौतुक बंद झालं. बाप गेला तरी पोरगा ताटं वाढत बसला, हे तिच्या मनात रुतलं ते रुतलंच.

पुढे ती फौजच निघून गेली आणि राजदीप घरी आला. दुबईत मंदी आली, असं वस्तीने आपापसांत ठरवून टाकलं. गावातला धम्मरत्न लग्नांच्या जेवणाचे ठेके घ्यायचा. त्याच्याकडे राजदीप आचारी म्हणून लागला. हाताला चव होती, मोठ्या पंगतीची सवय होती. सगळं सुरळीत व्हायला काही हरकत नव्हती.

पण नेरमध्ये वानरं आहेत. टोळी आली की या पत्र्यावरून त्या पत्र्यावर उड्या मारत जाते, आणि पत्र्यावर वानर पडलं की घरातली भांडीसुद्धा दचकतात. बाकीचे शिव्या देतात आणि वाळवणावर लक्ष ठेवतात. राजदीप मात्र आधी गॅस बंद करायचा आणि मग जमिनीवर पालथा पडून डोक्यावर हात घ्यायचा. भटारखान्यातला नियमच होता तो. हल्ल्याचा भोंगा वाजला की आधी गॅस, मग माणूस. सैनिकांसाठी काँक्रीटचे आडोसे जवळ होते. आचाऱ्यांचे धान्याच्या गोदामामागे, लांब. तिथवर पोचेपर्यंत सगळं होऊन जाई. म्हणून हे लोक स्टीलच्या टेबलांखालीच पडायचे, आणि जो जवळ असेल त्याला ओढून खाली घ्यायचे.

सुरुवातीला रुखमाबाई थट्टा करायची. "घरात येऊन येऊन गॅसच बंद करते. कंपनी बक्षीस देणार हाय काय याले?" अर्धवट शिजलेली डाळ तिने पुष्कळदा निमूट परत चढवली. राजदीप सांगायचा, पाठीत चमक भरते म्हणून जमिनीवर पडावं लागतं. तेही खोटं आता घरात जेवत होतं.

प्रियंकाला त्रास पडण्याचा नव्हता. त्रास उठण्याचा होता. पडला की राजदीप तासन्‌तास उठायचा नाही. ती शेजारी बसून सांगायची, "अहो, काही नाही झालं. वानर होतं." तो डोळे उघडे ठेवून ऐकायचा आणि तसाच पडून राहायचा. ती पुन्हा सांगायची, काही नाही झालं. सांगून सांगून तिचं तोंड दुखायचं. मग ती तिथेच बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि सकाळी कामावर जायची.

आणि काम तरी काय? ती आरोग्य खात्याची आशाताई होती. घरोघरी जाऊन लोकांना दवाखान्याची वाट दाखवायची. कोणाची सून बाळंतपणानंतर रडत बसते, कोणाचा भाऊ एकटाच बडबडतो, अशांना तिने स्वतः बसमध्ये बसवून यवतमाळच्या मनाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. "मन बी आजारी पडते, त्यात लाजायचं काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. ते म्हणताना ती इतकी छान हसायची की लोकांना पटायचं. घरी येताना तेच वाक्य ती दाराबाहेर ठेवून यायची. डॉक्टर विचारणार, कामाला कुठे होते? मग खरं सांगावं लागणार. खरं यवतमाळात सांगितलं की ते बसने नेरला यायला किती वेळ लागतो, हे आशाताईला चांगलं माहीत होतं.

गावात इतर घरी अशा माणसाला निदान भूत तरी लागतं. कोणी लिंबू उतरवतं, कोणी ताईत बांधतं, दोष बाहेरच्यावर जातो आणि माणूस सुटतो. इथे तीही सोय नव्हती. उकंडाजींच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगारे-धुपारे घराबाहेर टाकले होते, आणि रुखमाबाईला त्याचा अभिमान होता. "आमच्यात लागत नाही," ती म्हणायची. भूत नाही, देव कोपला नाही. मग उरला कोण? माणूस. सगळा दोष राजदीपच्या एकट्याच्या खांद्यावर येऊन बसायचा.

एप्रिलपासून पूनमसिंगचे फोन सुरू झाले. पूनमसिंग पुसदकडच्या तांड्यावरचा. छावणीत दोघं एकाच टेबलावर कणीक मळायचे. त्याने एजंट शोधला होता. या खेपेला इराक, पण काम तेच. "चाल भाऊ, इथी आपलं काही होत नाही," तो म्हणायचा. राजदीप ऐकून घ्यायचा, हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. प्रियंका भिंतीपलीकडून ते न बोलणं ऐकायची.

मग बुद्धपौर्णिमा आली.

दरवर्षी विहारासमोर खीरदान असतं. दोन वर्षांपासून खीर राजदीप करायचा, आणि पळीला पहिला हात रुखमाबाईचा असायचा. म्हातारी बायांमध्ये मोठी, तो तिचा मान. सकाळी वंदना झाली, पंचशील झालं. मांडवात मोठ्या भट्टीवर गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, चढलं, दूध तापलं, तांदूळ पडला. खिरीचं एक असतं, हात थांबला की ती खाली लागते, आणि लागलेल्या खिरीचा वास अख्ख्या वस्तीला कळतो. पांढरं पातळ नेसलेली रुखमाबाई दोन्ही हातांनी पळी फिरवत होती आणि कोणालाही हात लावू देत नव्हती.

तेवढ्यात कोपऱ्यावरची विजेची डीपी उडाली. उन्हाळ्यात ती उडतेच, पण या वेळी अशी धाडकन उडाली की विहारावरची कबुतरं एकदम उठली. राजदीपने भट्टीचा गॅस बंद केला आणि ओरडला, "खाली! खाली पडा!" लोक दचकून मागे सरले आणि डीपीकडे बघू लागले. रुखमाबाई मागे सरली नाही. आच गेली तरी गंज तापलेला होता, आणि तिला खिरीची पडली होती. "अरे थांब, लागंल ना खीर," ती म्हणाली आणि पळी फिरवतच राहिली.

राजदीपने तिला कमरेत धरून खाली आदळलं आणि तिच्या अंगावर पालथा पडला. तिचं मनगट तिच्याच अंगाखाली येऊन मोडलं.

लोकांनी पाहिलं ते एवढंच, की पौर्णिमेच्या दिवशी, विहारासमोर, पोराने म्हाताऱ्या आईला आपटलं. चौघांनी ओढून त्याला बाजूला केलं. तो थरथरत होता, घाम फुटला होता, डोळे लाल. धम्मरत्नने त्याची गचांडी धरली. "राजदीप, तू पिऊन आला काय?"

प्रियंका सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली. आता हा सांगेल, असं तिला वाटलं. सांगायलाच पाहिजे, दुसरा रस्ताच नाही. राजदीपने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "पेलो होतो."

ज्या माणसाने उभ्या जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, त्याने पाचवं शील, दारू न पिण्याचं, म्हणून झाल्यावर तासाभरात, सगळ्या वस्तीसमोर, दारू कबूल केली. दुबईचं हॉटेल वाचावं म्हणून. प्रियंकाला त्याचा इतका राग आला की रडूच आलं नाही. आणि तिने तरी काय केलं? तीही तोंड मिटून बसली.

मनगट प्लास्टरमध्ये गेलं. रुखमाबाईला त्या दुखण्याचं काही वाटत नव्हतं. उकंडाजी तरुणपणी पीत. रुखमाबाईने ती दारू सोडवायला अर्धं आयुष्य घातलं होतं. आता तीच दारू पोराच्या तोंडून बाहेर पडली म्हणताना तिने राजदीपशी बोलणं टाकलं. ताट तो वाढायचा, ती घ्यायची, पण नजर भिंतीवर. धम्मरत्नने कामावरून काढलं नाही, फक्त बोलावणं बंद केलं. आणि एका दुपारी राजदीपने कपाटावरची बॅग खाली काढली.

"परवा पूनमसिंग येऊन राह्यला," तो प्रियंकाला म्हणाला. "त्याच्यासंगं जातो."

"मरायले जाता?"

"झोपायले जातो." तो शर्टाची घडी घालत होता आणि ती घडी त्याला नीट जमत नव्हती. "तुले खोटं वाटंल, पण मले तेथं झोप ये. पहिला भोंगा वाजला का पडायचं. मंग दुसरा वाजे, लांब, एकसुरी. तो वाजला का संपलं, उठायचं, पुन्हा गॅस लावायचा. इथी पहिलाच वाजत राह्यते. दुसरा वाजतच नाही. कधी उठू, मले समजत नाही."

"मी तर सांगतो न, काही नाही झालं म्हणून," प्रियंका म्हणाली.

"झालं तर असते न," राजदीप म्हणाला. "मले ऐकू आलेलं असते."

प्रियंकाने बॅगेकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण याला एकच गोष्ट सांगत आलो, आणि तीच चुकीची होती, हे कळायला तिला ती बॅग बघावी लागली. ती थकली होती. दुबईला, अत्तराला, लग्नाच्या फटाक्यांना, पाठीच्या चमकेला, सगळ्यालाच कंटाळली होती. ती उठली आणि बाहेर ओट्यावर सासूजवळ जाऊन बसली.

"आई," ती म्हणाली, "तुमचा पोरगा दारू पेला नव्हता."

तिने सगळं सांगितलं. विमान, छावणी, रॉकेट, भोंगा, टेबलाखालचं पडणं. बाजूच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता, त्या थांबल्या, तरी प्रियंका सांगतच होती.

शेवटी रुखमाबाईने विचारलं, "त्याचा बाप गेला, तवा?"

"तवा लय हल्ले होऊन राह्यले होते. विमानं बंद. पासपोर्ट ठेकेदारापाशी. ते दोन दिवस जेवले नाही म्हणे, अन् लोकाईले वाढत होते."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. पुसून झालं तरी पदर तोंडावरून काढला नाही. मग तिने आणखी एक विचारलं. "मले आपटलं काहून मंग? बाकी कोणाले नाही आपटलं."

हे प्रियंकाला राजदीपने एकदाच सांगितलं होतं, परत कधी नाही. "त्याईच्यासंगं एक नेपाळी आचारी होता. भोंगा वाजला तवा त्याच्या हाताखाली मोठा गंज होता. हे सारे खाली पडले. तो म्हणे, रस्सा लागंल, अन् हालवतच राह्यला. याईचा हात त्याच्यापर्यंत पोचला नाही."

रुखमाबाईने आपल्या प्लास्टरच्या हाताकडे पाहिलं. "मी बी हालवतच होती," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिला राग आला. तो यायचाच होता. "मले काहून नाही सांगितलं व?"

"तुम्ही जेवणं सोडलं असतं."

"सोडलं असतं. मंग? चार दिवस सोडलं असतं, पाचव्या दिवशी जेवली असती. दहा वर्षं कोणी उपाशी राह्यते काय? तुमी दोघं मात्र राह्यले."

प्रियंकाला तेव्हा रडू आलं. सासूने चांगल्या हाताने तिची पाठ थोपटली, पण फार वेळ नाही. तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. "तुहा तो यवतमाळचा डाक्टर," ती म्हणाली, "लढाईचं बी पाह्यते काय?"

"पाह्यते. त्यासाठीच असते तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई एका हाताने चहा ठेवत होती. राजदीप दाराशी बॅगेचा पट्टा आवळत बसला होता. तो आईशी बोलत नव्हता, कारण ती बोलत नाही असं त्याच्या हिशेबी अजून चालू होतं. चहा उकळायला लागला आणि वानरांची टोळी आली. पहिलं वानर नेमकं त्यांच्याच पत्र्यावर पडलं.

राजदीप गॅसकडे झेपावला. पण गॅस बंद झालेला होता. रुखमाबाईने बटण फिरवलं होतं आणि ती स्वयंपाकाच्या ओट्याखाली, भिंतीला टेकून, बसत होती. प्लास्टरचा हात सांभाळत ती आडवी झाली आणि बाजूची फरशी तिने थोपटली. राजदीप एक क्षण तिच्याकडे बघतच राहिला. मग दुसरं वानर पडलं आणि तोही तिच्या बाजूला पडला.

प्रियंका मागच्या दारातून धावत आली. "अहो, काही ना—" एवढं तिच्या तोंडून निघालं, आणि सासूने तिच्याकडे असं पाहिलं की ती दारातच थांबली.

वानरं पत्र्यावर दणदणत राहिली. एकाने पत्र्यावरचा दगड खाली टाकला. राजदीपचा श्वास सगळ्या घरात ऐकू येत होता. रुखमाबाईने त्याला उठ म्हटलं नाही, भिऊ नको म्हटलं नाही. ती छताकडे बघत ऐकत होती. टोळी शेजाऱ्यांच्या घरावर गेली, मग त्यापुढच्या, मग कडुलिंबात शिरली. आवाज थांबल्यावरही तिने घाई केली नाही. सगळीकडे शांत झालं आहे याची खात्री करून घेतली आणि मग मोठ्याने, एकसुरात म्हणाली:

"झालं. संपलं. ऊठ आता."

राजदीपने मान वळवली. "संपलं?"

"हो. मी ऐकलं न सारं. गेले ते. ऊठ, अन् मले बी उठव, माह्यानं एका हातावर उठणं होत नाही."

तो उठला. लगेच नाही, पण उठला. आईला बगलेत हात घालून उभी केली, पाटावर बसवलं आणि गॅस पेटवला. पत्र्यावर वानर आलं आणि चहा त्याच सकाळी पूर्ण झाला, असं राजदीप परतल्यापासून त्या घरात घडलं नव्हतं.

चहा उकळत असताना प्रियंकाने उद्या यवतमाळला डॉक्टरकडे जायचं काढलं आणि राजदीपने मान डोलावली. तेवढ्यात पूनमसिंगचा फोन आला. राजदीपने तो तिथेच, दोघींच्या समोर घेतला. "नाही, मी येत नाही भाऊ," तो म्हणाला. पलीकडून बरंच काही बोलणं झालं. ते ऐकून घेतल्यावर राजदीपने विचारलं, "तुले झोप येते काय?" पलीकडून 'नाही' आलं. "मंग आधी इकडे ये. उद्या यवतमाळले जाऊन राह्यलो, तू बी चाल. प्रियंकाच्या ओळखीचा डाक्टर आहे." त्याने फोन ठेवला. पूनमसिंग येईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

राजदीपने चहा गाळला, पहिला कप आईच्या चांगल्या हातात दिला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय," तो म्हणाला, "मी पेलो नव्हतो."

"माईत आहे," रुखमाबाई म्हणाली. "वस्तीले मी सांगीन. तू चहा पी."